फुकेतचा व्हिला आणि गुहागरची वाडी

पुण्यात जमिनीचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास एकाच बैठकीत ऐकू येतात. पहिलं, ‘कोकणातल्या जमिनी बाहेरच्यांच्या घशात चालल्यात, कायदा करून हे थांबवलं पाहिजे.’ आणि चहाचा दुसरा कप येईस्तोवर दुसरं, ‘थायलंडवाले परक्या माणसाला जमीनच घेऊ देत नाहीत, हा कुठला न्याय?’ थायलंडच्या फुकेत बेटावर राहून ही दोन्ही वाक्यं ऐकली की हसू येतं. गुहागर-दापोलीसाठी आपण जो कायदा मागतो, तो इथे आहे. फक्त इथे बाहेरचे आपण आहोत.

अलिबाग आणि गोव्यातले भाव ऐकून ‘त्यापेक्षा फुकेतला व्हिला घेऊ’ म्हणणाऱ्यांनी आधी हे ‘घेऊ’ म्हणजे काय ते समजून घ्यावं. परदेशी नागरिकाला इथे कॉन्डोमिनियममधला, म्हणजे तशी नोंद झालेल्या इमारतीतला, फ्लॅट स्वतःच्या मालकीचा घेता येतो, तोही इमारतीतल्या एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांच्या मर्यादेत. व्हिला म्हटला की जमीन आली, आणि जमीन नावावर होत नाही. म्हणून बांग ताओ, सुरिन, कमला, रवाई या भागांत परदेशी गिऱ्हाइकाच्या हातात सहसा पडतो तो ३० वर्षांचा भाडेपट्टा.

माहितीपत्रकावर मात्र ‘३०+३०+३०’ छापलेलं असतं. लँड ऑफिसात नोंद होते ती पहिल्या ३० वर्षांची. पुढची ६० वर्षं म्हणजे जमीनमालकानं दिलेला शब्द, आणि तो ज्यानं दिला त्याच्यापुरता. मधल्या काळात जमीन विकली गेली तर चालू पट्टा नव्या मालकाला पाळावा लागतो, नूतनीकरणाचं वचन नाही. तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा पट्टा नोंदवलाच नसेल तर तो तीन वर्षांपुरताच टिकतो, त्यामुळे ‘नोंदणी नंतर करू’ म्हणणाऱ्याला पैसेही नंतरच द्यावेत. शिवाय थाई कायद्यात पट्टा हा भाडेकरूचा व्यक्तिगत हक्क मानला जातो. भाडेकरू वारला की पट्टा संपतो. वारसांना हक्क जाईल असं कलम करारात हवंच, पण त्याहून पक्की सोय म्हणजे पहिल्या दिवसापासून नवरा-बायको दोघांची किंवा मुलांसकट सगळ्यांची नावं भाडेकरू म्हणून घालणं.

हिशोबही भाडेकरूसारखाच करावा. दोन कोटींना घेतलेला पट्टा ३६० महिन्यांत वाटला तर महिन्याला साधारण साडेपंचावन्न हजार रुपये आगाऊ भाडं झालं. त्यात देखभाल, पोहण्याच्या तलावाचा माणूस, वीज, सोसायटीचा खर्च धरलेला नाही, आणि दोन कोटी बँकेत असते तर मिळालं असतं ते व्याजही नाही. बारा वर्षांनी विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक १८ वर्षं विकत घेणार. कोथरूडच्या फ्लॅटसारखा ‘भाव वाढतच जाणार’ हा विश्वास इथे घेऊन येऊ नये.

यावर दलालाकडे उत्तर तयार असतं: कंपनी काढा. ५१ टक्के शेअर थाई माणसांच्या नावावर, कारभार तुमच्या हातात, जमीन कंपनीची. हा प्रकार पुणेकराला समजावून सांगावा लागत नाही. महाराष्ट्रात कूळकायद्याच्या कलम ६३मुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, म्हणून गावाकडच्या मावसभावाच्या सातबाऱ्यावर वाडी घेणारे कमी आहेत का? मावसभावाशी बिनसलं तर किमान लग्नकार्यात गाठ पडते. इथले भागधारक बहुधा वकिलाच्या कचेरीतले कारकून असतात. स्वतःचे पैसे न घालता परक्यासाठी नाव देणं हा थाई कायद्यात गुन्हा आहे, नाव देणाऱ्याचाही आणि घेणाऱ्याचाही, आणि जमीन विकून टाकण्याचा हुकूम होऊ शकतो. या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कागद बघायची सवय मात्र आपल्याला आहे, ती इथे कामाला येते. जमिनीच्या दाखल्याच्या माथ्यावर गरुड छापलेला असतो. लाल गरुड म्हणजे ‘चनोत’, पूर्ण मोजणी झालेली मालकी. कोपऱ्यांवर क्रमांक घातलेले सिमेंटचे खुंट पुरलेले असतात आणि ते दाखल्यावरच्या नकाशाशी जुळवता येतात. हिरवा किंवा काळा गरुड म्हणजे खालच्या दर्जाचा कागद, तिथे हद्दीची भानगड संभवते. खरी गोष्ट दाखल्याच्या पाठीमागे असते: कुणी कधी विकली, गहाण आहे का, आधीचा पट्टा आहे का. आपल्या सातबाऱ्यावरचं ‘इतर हक्क’ समजा. विक्रेत्यानं दिलेली झेरॉक्स बघून समाधान मानू नका; लँड ऑफिसातली प्रत वकिलाकडून त्याच आठवड्यात तपासून घ्या. रस्ता खासगी जमिनीतून जात असेल तर वहिवाटीची नोंदही त्याच दाखल्यावर दिसली पाहिजे, नाहीतर दहा वर्षांनी कुणीतरी फाटक लावतो. हे कोकणातही होतं.

जमीन भाड्याची असली तरी वरचं घर परदेशी माणसाच्या मालकीचं असू शकतं. नवीन बांधकाम असेल तर परवाना स्वतःच्या नावावर काढावा. तयार घर जमिनीवेगळं विकत घेताना लँड ऑफिस ३० दिवसांची जाहीर नोटीस लावतं, तेवढा वेळ हाताशी धरावा. ‘ताबियन बान’ नावाची घराची वही दाखवून कुणी मालकी सिद्ध करू लागला तर ऐकू नका. ती राहणाऱ्यांची नोंदवही आहे, आपल्या रेशनकार्डासारखी.

पैसे पाठवायची बाजू पुण्यातल्या सीएला विचारता येते, म्हणून थोडक्यात. परदेशी पैसे पाठवण्यासाठीच्या रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात. दहा लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण दोन कोटी एकाच नावानं पाठवले तर ३८ लाख तोवर अडकतात. आणि विवरणपत्राच्या ‘शेड्यूल एफए’मध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, हा व्हिला दरवर्षी दाखवावा लागतो, लपवला तर २०१५च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो.

‘आपण नसताना पर्यटकांना देऊ, खर्च निघेल’ हे गणितही कच्चं असतं. महिन्यापेक्षा कमी मुदतीनं भाड्यानं देणं म्हणजे थाई कायद्यानं हॉटेल चालवणं. छोट्या निवासांना सवलत आहे, पण तीही नोंद करून घ्यावी लागते. बिल्डर ‘तीन वर्षं हमी परतावा’ देत असेल तर ती हमी बहुतेक वेळा तुम्ही दिलेल्या किमतीतूनच परत येत असते. चौथ्या वर्षी काय, ते विचारा.

राहिला समुद्र. फुकेतचा पश्चिम किनारा आपल्यासारखाच नैऋत्य मोसमी वाऱ्यासमोर आहे. मे ते ऑक्टोबर लाटा उसळतात, किनाऱ्यावर लाल बावटे लागतात आणि निळ्या पाण्याचे फोटो कुणी काढत नाही. सपाटीवरच्या कमला-पातोंगनं २००४ची त्सुनामी पाहिली आहे. टेकडीवर जावं तर ऑगस्ट २०२४मध्ये कारोनच्या बाजूला डोंगर खचून माणसं गेली. टेकडीवरच्या घराची संरक्षक भिंत बघताना तिच्यातून पाणी निघायची भोकं आहेत का आणि ती बुजली आहेत का, हे वाकून बघा.

आणि बघायला जानेवारीत येऊ नका. सप्टेंबरात चार दिवस पाऊस लागल्यावर या. एसीच्या बाहेरच्या युनिटची जाळी बोटानं चोळा. खाऱ्या हवेनं तिचा भुगा हातात आला तर काँक्रीटमधल्या सळयांचं काय झालं असेल याचा अंदाज येतो. स्लॅबच्या खालच्या बाजूला तांबूस रेषा दिसतात का ते पाहा. मग मार्च-एप्रिलात पाण्याचे किती टँकर लागले, ते मालकाला नाही, माळ्याला विचारा.