गोठ्यात जी ३९ आला होता

आज कॉलेजात नवीन इंटरॅक्टिव्ह पॅनलसमोर फोटो काढायचा कार्यक्रम झाला. शिकवायचा नाही, फोटो काढायचा. कॉलेजला ग्रेड देणारी कमिटी येणारे, फायलीत 'आयसीटीचा वापर', म्हणजे शिकवण्यात संगणक-इंटरनेटचा वापर, दाखवायला जागेची नोंद असलेले जिओटॅग फोटो पाहिजेत, म्हणून माझी एसवायची पोरं आणून बसवली, चौघांना हात वर करायला लावले, मला स्क्रीनवर बोट टेकवून उभं केलं, दोन फोटो झाले, पॅनल बंद, वर कव्हर, खोलीला कुलूप आणि किल्ली ऑफिसात. बाहेर पडताना एक पोरगा विचारतो, "मॅडम, यावर आपलं लेक्चर कधी?" मला उत्तरच सुचलं नाही. घरी आल्यापासून तोच प्रश्न डोक्यात घुमतोय, स्वयंपाकातही लक्ष लागलं नाही.

आणि सारखी आठवतेय ती लॉकडाऊनमधली माझी एक विद्यार्थिनी. २०२० ची बॅच, एफवाय. घरात फोन एकच, तो वडिलांचा, ते संध्याकाळी सातला रानातून आले की हिच्या हातात यायचा. फिजिक्सचे प्रॅक्टिकल बंद होते. मी पोरांना फायफॉक्स नावाचं अ‍ॅप टाकायला सांगितलं होतं, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठानं केलंय, फुकट आहे, फोनमधले सेन्सर वापरून प्रयोग करता येतात. म्हटलं लंबक करा, जी काढा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, ते ९.८ च्या आसपास यायला हवं.

हिनं भावाचा शाळेचा मोजा घेतला, त्यात फोन घातला, सुतळीनं गोठ्याच्या आढ्याला टांगला. लांबी मोजली आईच्या ब्लाऊज शिवायच्या टेपनं, बरोबर एक मीटर. फोन स्वस्तातला, त्यात फिरणं मोजणारा जायरोस्कोप सेन्सर नव्हता, म्हणून अ‍ॅपमधला तयार लंबकाचा प्रयोग चालेना, तर तिनं वेगातला बदल मोजणारा साधा अ‍ॅक्सिलरोमीटर लावून ग्राफवरची शिखरं मोजली. रात्री फोन. मागे म्हैस हंबरतेय. "मॅडम, जी ३९ येतोय. तीन वेळा केलं."

मी म्हटलं मोजायला चुकली असशील, पुन्हा कर. आज वाईट वाटतं त्याचं, कारण ती चुकली नव्हती. तिसऱ्या दिवशी परत फोन, आवाजच वेगळा. "मॅडम, मोजा खाली आल्यावर ताणतोय. जाताना पण ताणतोय, येताना पण." म्हणजे एका दोलनात दोन शिखरं! एक मीटरच्या लंबकाचा टाईम पिरियड, म्हणजे एका दोलनाचा वेळ, साधारण दोन सेकंद, ही धरत होती एक, आणि पिरियड निम्मा झाला की जी चौपट होणारच. तिनं दुरुस्त केलं, ९.७ च्या पुढे काहीतरी आला. मी खरंच सांगते, इतक्या वर्षांच्या नोकरीत मला तेवढा आनंद कशानेच झाला नाही.

मला म्हणायचंय ते एवढंच आहे. त्या पोरीच्या हातात फोन होता आणि तिला चुकायची मुभा होती. पॅनलच्या खोलीत पोरांच्या हातात काय होतं? नुसता वर केलेला हात.

आणि हे फक्त पॅनलचं नाही. पुस्तकाचा धडा पीपीटीत कोंबायचा आणि स्लाईड वाचून दाखवायच्या, याला आपण डिजिटल शिकवणं म्हणतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चाळीस पानांची पीडीएफ टाकली की युनिट संपलं. अरे त्या पोराच्या फोनवर ती पीडीएफ उघडते का तरी विचारा! आणि त्याच फोनवर काय काय होऊ शकतं हे बघायला कुणाला वेळ नाही. कोलोरॅडो विद्यापीठाची फेटची सिम्युलेशन्स मराठीतसुद्धा आहेत, पोरगं स्वतः व्होल्टेज वाढवून दिवा उजळताना बघतं. आयआयटी मुंबईची स्पोकन ट्युटोरियल्स मराठीत आहेत. व्हर्च्युअल लॅब्स आहेत. सगळं फुकट. २०१७ पासून सरकारचं ऑनलाईन कोर्सचं स्वयम पोर्टल आहे, तिथं रजिस्टर झालेल्यांचे आकडे आपण रिपोर्टात भरतो, पण त्यातला एक व्हिडिओ वर्गात लावून मध्येच थांबवून "आता पुढे काय होईल, सांगा" असं किती जण विचारतात?

बरं, कागदपत्रं लागतात हे मान्य. त्यावरच ग्रेड, त्यावरच निधी. आणि सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबानं, राबणाऱ्या तरुण प्राध्यापकांकडून नवीन काही करायची अपेक्षा ठेवणं अन्यायाचंच आहे, त्यांच्यावर माझा अजिबात राग नाही. खडूनं जीव ओतून शिकवणारे सर मीही पाहिलेत, त्यांच्यामुळेच मी फिजिक्स घेतलं. पॅनलही वाईट नाही हो. उलट मला ते पाहिजेय! फायफॉक्सला एक सोय आहे, टांगलेल्या फोनमधला ग्राफ हॉटस्पॉटवरून दुसऱ्या स्क्रीनच्या ब्राउझरमध्ये जसाच्या तसा दिसतो. म्हणजे आज त्याच खोलीत पंख्याच्या हुकाला फोन टांगला असता तर साठ पोरांनी ती दोन शिखरं एकदम बघितली असती. कुणीतरी ओरडलं असतं, मॅडम जी ३९ येतोय. दोन फोटोंऐवजी वीस मिनिटं लागली असती. आणि फोटोही खरा आला असता.

ती पोरगी आता एमएस्सी झालीय. मागच्या दिवाळीत घरी आली होती, मी विचारलं तो मोजा ठेवलायस का गं, तर म्हणाली भावानं शाळेत घालून फाडला. बराच वेळ दोघी हसलो.

उद्या सकाळी ऑफिसातून किल्ली मागणार आहे. दिली नाही तर लेखी अर्ज देणार आहे, मग परवा पुन्हा मागणार आहे. एसवायच्या पोरांना सांगून ठेवलंय, प्रत्येक गटाने एक फोन आणि एक जुना मोजा आणा. पण चार गटांत मिळून दोनच धड फोन निघतायत. कुणाकडे जुना अँड्रॉइड पडून असेल तर मला इनबॉक्स करा, येऊन घेऊन जाईन. काच तडकलेली चालेल, टच आणि सेन्सर चालू पाहिजेत. चार्जर असेल तर तोही द्या.