अ‍ॅलर्जीची गोळी चोळून कातडी बधिर होत नाही

रामबागेतल्या आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवापासून फिरतंय: 'सेट्रिझिनची गोळी कुटून लावा, टाके घालतानाही दुखणार नाही.' माझं औषधांचं दुकान आहे, आणि कालपासून तिघांनी हेच विचारलं. म्हणून खुलासा.

यात खऱ्याचा अंश आहे, तो असा. डायफेनहायड्रामिन हे जुनं अ‍ॅलर्जीचं औषध (खोकल्याच्या काही सिरपांतही असतं) मज्जातंतूंतले सोडियमचे मार्ग अडवतं, म्हणजे दुखल्याचा संदेश पुढे जात नाही. लिग्नोकेन, म्हणजे टाके घालताना जागा बधिर करायचं नेहमीचं औषध, तेही नेमकं तेच करतं. त्यामुळे लिग्नोकेनची अ‍ॅलर्जी असलेल्या रुग्णाला डॉक्टर कधीकधी डायफेनहायड्रामिनचं १ टक्क्याचं इंजेक्शन कातडीखाली देतात. पण ते टोचताना लिग्नोकेनपेक्षा जास्त झोंबतं, आणि द्रावण तीव्र झालं तर तिथली कातडी मरूही शकते. क्लोरफेनिरामिन या अ‍ॅलर्जीच्या दुसऱ्या औषधाचे असे प्रयोग उंदरांवर झालेत, तेही टोचूनच.

म्हणजे सगळा खेळ सुईचा. कुटलेली गोळी कातडीच्या वरच्या थरातून आत जाणार कशी? उघड्या जखमेवर तर गोळीतला स्टार्च नि रंग म्हणजे निव्वळ घाण! डायफेनहायड्रामिनचं मलमही जपूनच. त्यानंच पुरळ उठू शकतं, आणि कांजिण्या झालेल्या मुलांना अंगभर चोळल्यावर ते रक्तात जाऊन मुलं बरळू लागल्याची उदाहरणं आहेत.

सुईची भीती वाटत असेल तर लिग्नोकेन-प्रिलोकेनचं क्रीम मिळतं. धड कातडीवर, झाकून, तासभर आधी लावायचं. डॉक्टरांना विचारून.