किती फुटाचं पाहिजे?

इंदुरात बोन्सायसाठी जुनिपरचं झाड घ्यायला गेलं की नर्सरीवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "भिया, कितने फुट का चाहिए?" बोन्सायवाल्याची पंचाईत इथूनच सुरू होते. नर्सरीत झाड उंचीवर विकलं जातं, आणि बंगल्याच्या फाटकाशी डावीउजवीकडे एकेक उभं करायचं असेल तर तो हिशेब बरोबरच आहे. आपल्याला मात्र बुटकं, बुंध्याशी जाड आणि शक्यतो वाकडं हवं असतं. हे स्पष्ट सांगितलं की मालक आपल्याकडे कणवेने बघतो आणि माळ्याला हाक मारतो, "वो खराब वाला दिखा दे इनको."

अपमान गिळून त्या खराबवाल्याकडे लगेच जावं, असं माझं मत आहे. चांगला माल तिथेच असतो. मागच्या कुंपणाशी, फुटक्या कुंड्यांच्या ढिगापलीकडे, कुणीच न घेतल्यामुळे वर्षानुवर्षं पडून राहिलेली ही झाडं असतात. काळी पिशवी फाडून त्यांची मुळं जमिनीत गेलेली असतात आणि म्हणूनच खोड जाड झालेलं असतं. कुंडीतलं जुनिपर जाड व्हायला इतका वेळ घेतं की लावणाऱ्याची हौस आधी संपते. जमिनीत मुळं मोकळी सुटली, वरचा शेंडा वाढू दिला, तरच बुंधा भरतो. फक्त हे झाड आवडलं म्हणून त्याच दिवशी उपटून आणू नये. जमिनीत गेलेली मुळं एका बाजूने यंदा तोडायची, दुसऱ्या बाजूने पुढच्या हिवाळ्यात, आणि मग उचलायचं. "पैसे आत्ता देतो, झाड पुढच्या वर्षी नेतो" असं म्हटल्यावर मालकाची कणव थोडी वाढते, पण पैसे तो घेतो.

त्याआधी समोरचं झाड जुनिपर आहे का, हे बघून घ्यावं. मोरपंखी, गोल्डन सायप्रस आणि जुनिपर ही तिन्ही एकाच कुळातली, त्यामुळे विक्रेता तिन्हींना एकच नाव देतो तेव्हा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो फार लांब गेलेला नसतो. मोरपंखीच्या डहाळ्या चपट्या असतात आणि उभ्या पातळीत एकामागे एक लागतात. तिच्या कोवळ्या फळांना छोटी शिंगं असतात. सायप्रसची पानं चुरगळली की लिंबाचा वास येतो. जुनिपरच्या डहाळ्या सुतळीसारख्या गोल, चहूकडे वळणाऱ्या, आणि फळ निळसर, गोल, मांसल. पानं टोचतात म्हणून ते जुनिपर नव्हे, असं मात्र समजू नये. प्रोकम्बेन्स नाना ही जुनिपरची जात जन्मभर टोचते. खवल्यांच्या पानांचं शिम्पाकू जातीचं जुनिपरसुद्धा जोरात छाटलं की रागावल्यागत काही काळ काटेरी पानं काढतं. तेव्हा विक्रेत्याला विचारावं, "हे शेवटचं छाटलं कधी?" उत्तर "कभी नहीं" असं आलं आणि काप ताजे दिसले, तर बाकीची उत्तरंही त्याच मापाने घ्यावीत.

यानंतर वयाचा विषय निघतो. तो आपण काढत नाही, विक्रेता काढतो. "पच्चीस साल पुराना है." बोन्सायच्या धंद्यात वय मोकळ्या हाताने दिलं जातं, कारण त्याला पावती लागत नाही. आपण वय विकत घेत नसून बुंधा, मुळं आणि खोडाजवळची हिरवळ विकत घेतो. यातल्या हिरवळीबद्दल मी सगळ्यात कडक आहे. जुनिपरच्या पूर्ण उघड्या पडलेल्या फांदीला जुन्या लाकडातून सहसा नवी फूट येत नाही. त्यामुळे फांदीच्या टोकाशी झुपका आणि मध्ये हातभर नुसती काठी असं झाड कितीही जुनं असलं तरी त्याचं लहान झाड होणार नाही. आणि वाळलेली फांदी दिसली की हल्ली विक्रेता चटकन सांगतो, "ये जिन है, डिज़ाइन है." बोन्सायमध्ये साल काढून जपलेल्या मृत फांदीला जिन म्हणतात, हे खरं. पण पाणी घालायला विसरलं गेलं म्हणून मेलेल्या फांदीचे जादा पैसे मागणं हा आपल्याकडचा शोध असावा.

मग गुडघे टेकायचे. झाड उभ्याने बघून काही कळत नाही, डोळा बुंध्याच्या पातळीला हवा. मालकाची परवानगी घेऊन बांबूच्या काडीने वरची दोन-तीन सेंटिमीटर माती बाजूला करावी. पिशवी बदलताना झाड दरवेळी जरा खोल बसवलं जातं, त्यामुळे बुंध्याचा खरा पसारा, ज्याला बोन्सायवाले नेबारी म्हणतात, बरेचदा मातीखाली गाडलेला सापडतो. कधी खाली काहीच नसतं, खोड सरळ खांबासारखं आत जातं. कधी एक जाड मूळ बुंध्यालाच वेढा घालून बसलेलं असतं. असं वेढ्याचं झाड मी स्वस्तातही घेत नाही. पुढे ते मूळ खोडाला आवळत जातं आणि कापायला गेलं तर नेमकं तेच मुख्य मूळ निघतं.

पांढऱ्या कागदावर फांदी हलकेच झटकावी. कागदावर पडलेले बारीक ठिपके चालायला लागले तर ते लाल कोळी. पानांवर तांबूस मळकट झाक असेल तर त्यांचाच उद्योग. औषधाने ते आटोक्यात येतात, पण भाव उतरवायला त्यांचा उपयोग आधी होतो.

आता सगळ्यात मोठी फसगत. जुनिपर मेलं तरी हिरवं राहतं. मुळं कुजून गेल्यावर काही आठवडे, थंडीच्या दिवसांत त्याहूनही जास्त, पानांचा रंग तसाच राहतो. तोवर पैसे दिलेले असतात, झाडाला नाव ठेवलेलं असतं, नातेवाइकांना फोटो गेलेले असतात. म्हणून रंगावर जाऊ नये. खोड दोन बोटांत धरून हलकं हलवावं. मातीसकट सगळं घट्ट हललं तर मुळं धरून आहेत. खोड मातीत सैल फिरलं तर ते गेल्याच आठवड्यात खोचलेलं असण्याची शक्यता मोठी. टोकाला पोपटी नवी वाढ दिसली तर निम्मी काळजी मिटली. आणि मॉलमध्ये कुंडीवर चिकटवलेले पांढरे गोटे दिसले तर लांबूनच नमस्कार करावा. गोट्यांखाली पाणी जात नाही, आणि "एसीमें भी चलता है" असं सांगणाऱ्याने जुनिपर कधी पुढच्या मोसमापर्यंत पाहिलेलं नसतं. हे उन्हातलं झाड आहे, दिवाणखान्यात ते फक्त मरायला येतं.

इथवर झाली गावातली खरेदी. खास बोन्सायसाठीच जुनिपर वाढवणारे लोक बाहेरगावी असतात, आणि त्यांच्याशी फोनवर बोलणं ही वेगळी विद्या आहे. व्हॉट्सअॅपवर नुसतं "रेट?" पाठवलं तर चांगला माणूस उत्तर देत नाही, आणि जो लगेच देतो त्याच्याकडून घेऊ नये. दिवसा तो मातीत असतो, म्हणून फोन संध्याकाळी करावा. सुरुवातीलाच सांगावं की आपण इंदूरचे, पठार साडेपाचशे मीटर उंचीचं, मे महिन्यात पारा बेचाळीसवर जातो, हिवाळ्यात रात्री एक आकडी होतो, पावसात हवा चार महिने ओली. बुंधा तीन ते चार सेंटिमीटर हवा, वळण खालून सुरू होणारं हवं. एवढं ऐकून माणूस आपल्यालाच प्रश्न विचारू लागला, गच्ची का अंगण, दुपारचं ऊन किती, पाणी बोअरचं का नर्मदेचं, तर योग्य दारात आलो असं समजावं. "तुम्ही अजून दोन वर्षं साधंच झाड घ्या" असं सांगणारा भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवावा.

फोटो चारही बाजूंनी मागावेत, एक वरून, एक माती खरवडलेल्या बुंध्याचा, आणि खोड हलवतानाचा छोटा व्हिडिओ. मापासाठी बुंध्याशी दहा रुपयांचं नाणं ठेवायला सांगावं, ते २७ मिलिमीटरचं असतं. काही जण मापासाठी शेजारी नातवाला उभं करतात. नातू गोड दिसतो, बुंधा कळत नाही. शिम्पाकू म्हणून सांगितलं तर कुठलं, इतोइगावा का किशू, आणि कलम असेल तर जोड कुठे आहे, हे विचारावं. इतोइगावाची पानं बारीक, चमकदार हिरवी, किशूची थोडी भरड आणि निळसर. झाड कालिंपोंगकडून, म्हणजे डोंगरातल्या थंडाव्यातून येणार असेल तर माझा एकच प्रश्न असतो : याने एक तरी मे महिना सपाटीवर काढलाय का? या प्रश्नावर फोनच्या पलीकडे जी शांतता पसरते, तिच्यावरून बरंच समजतं.

ओळखीच्या एखाद्या भाच्याला जपानहून बॅगेत घालून आणायला सांगण्याची कल्पना दरवर्षी कुणाला तरी सुचतेच. भारतात जिवंत रोपं आणायला २००३च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार आयात परवाना लागतो, निघतानाच्या देशाचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, मुळांना माती चालत नाही आणि इथे आल्यावर निरीक्षणाखाली ठेवावं लागतं. जुनिपरची मुळं पूर्ण धुतली की ते आधीच अर्धमेलं होतं, वर हा प्रवास. भाच्याला चहाचा सेट आणायला सांगावा. हिमालयातल्या राखीव जंगलातून उपटून आणलेलं झाड कुणी देऊ केलं तर तेही नको. कायद्याने तो गुन्हा आहे, शिवाय खडकातलं मूळ बरंचसं खडकातच राहतं.

खरं तर इंदूरकरांसाठी सगळ्यात चांगला माल रामबाग, लोकमान्य नगरकडच्या जुन्या गच्च्यांवर असतो. इथले कित्येक उन्हाळे पाहिलेली झाडं, पंचाहत्तरीकडे झुकलेले काका, मुलं पुण्याला किंवा त्याहून लांब. इथे किंमत विचारायची नसते.

"काका, काय सुरेख राखलंय हो झाड."

"विकायचं नाही."

"मी विचारलंच कुठे?"

"सगळे असंच सुरू करतात."

यावर माती कुठली वापरता, असं विचारावं. काका फुलतात. विटांचा चुरा, भरड वाळू, दोन ते पाच मिलिमीटरच्या चाळणीतून काढलेली, बारीक धूळ फेकून दिलेली. काळी माती? छे! ती पावसात पाणी धरते, उन्हात भेगाळते आणि दोन्ही वेळा मुळं मारते. हे ऐकताना मान डोलवावी, कारण ते अगदी बरोबर असतं. मग आतून काकूंचा आवाज येतो, "द्या हो एकदाचं! कुठे चार दिवस जायचं म्हटलं की याला पाणी कोण घालणार म्हणून अडतं." सौदा काकूंकडूनच ठरतो. काका फक्त अट घालतात, की अधूनमधून झाड बघायला येऊ. ती मान्य करावी, आणि ते खरंच येतात हे लक्षात ठेवून पाणी वेळेवर घालावं.

बाहेरगावचं झाड डिसेंबर ते फेब्रुवारीच्या आतच मागवावं. मुळांभोवती ओलं शेवाळ (मॉस), वर प्लास्टिक, कुंडी खोक्याला बांबूच्या पट्टीने बांधलेली आणि खोक्याला भोकं. पार्सल आलं की दारातच उघडावं. आठवडा-दोन आठवडे सकाळचं कोवळं ऊन, दुपारी हिरवी जाळी. लगेच खत नाही, लगेच नवी कुंडी नाही. झाड सावरलेलं असेल तर कुंडी फेब्रुवारीत बदलावी, तीही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मुळं न काढता, आणि त्याच वर्षी फांद्यांना हात न लावता. तार, कात्री, पक्कड सगळं पुढच्या हिवाळ्यापर्यंत कुलपात. किल्ली शक्यतो काकूंकडे द्यावी.