बूनिन आटला म्हणे!

रशियन लेखक इव्हान बूनिनबद्दल एक ठरीव मजकूर फिरत असतो: ‘त्याचं खरं लेखन रशियातच झालं. 1920 मध्ये देश सोडला आणि तो आटला. साहित्याचं नोबेल मिळालं ते फक्त मॉस्कोच्या सोव्हिएत सत्तेला डिवचायला. पुढे त्या पैशावर फ्रान्समध्ये मजेत जगला.’

मजेचं आधी उरकतो. नोबेलच्या रकमेतला काही भाग त्यानं स्थलांतरित रशियन लेखकांना वाटला, उरलेली काही वर्षांत संपली. महायुद्धाची वर्षं दक्षिण फ्रान्समधल्या ग्रासमध्ये उपासमारीत गेली. तशातही घरात ज्यू परिचितांना आसरा दिला. 1953 साली पॅरिसमध्ये वारला तो कंगाल अवस्थेत.

नोबेलमागे राजकारण अजिबात नव्हतं, असं मीही म्हणणार नाही. पण डिवचायचंच होतं तर रशियन क्रांतीवर आग ओकणारी ‘शापित दिवस’ ही त्याची डायरी होती की! मानपत्रात मात्र गौरव आहे तो रशियन गद्याची अभिजात परंपरा पुढे नेणाऱ्या काटेकोर कलेचा. बूनिनला तर कुठलंच नागरिकत्व नव्हतं. 1933 च्या समारंभात त्या अडचणीपायी सभागृहात नुसते स्वीडिश झेंडे लावले होते.

आता ‘आटला’चं. ‘सॅन फ्रान्सिस्कोचा गृहस्थ’ ही कथा 1915 ची, म्हणजे देश सोडण्याआधीची, हे खरं. बहुतेकांचं वाचन तिथंच थांबतं, म्हणून हा समज. ‘मीत्याचं प्रेम’, ‘आर्सेन्येवचं आयुष्य’, ‘अंधाऱ्या वाटा’ हे सगळं फ्रान्समधलं. ‘शुद्ध सोमवार’ ही कथा 1944 ची; ती लिहू दिल्याबद्दल त्यानं देवाचे आभार मानले होते.

‘अंधाऱ्या वाटा’ या संग्रहाची शीर्षककथा जेमतेम काही पानांची. रशियातल्या तूला शहराकडचा रस्ता, पावसाळी हवा, चिखलानं माखलेली घोडागाडी. एक म्हातारा लष्करी अधिकारी सरायीत शिरतो. चुलीकडून शिजलेला कोबी, गोमांस आणि तमालपत्राचा वास येतोय. मालकीण त्याला ओळखते. तीस वर्षांपूर्वी त्यानंच तिला टाकलेलं असतं. तो पुटपुटतो, सगळं सरतं. ती म्हणते, सरतं सगळं, पण विसरलं जात नाही सगळं. तो निघतो, तर गाडीवान सांगतो: बाई हुशार, व्याजानं पैसे देते म्हणतात. एवढ्या एका वाक्यात तिची मधली तीस वर्षं येतात.

ही कथा 1938 ची. तो कोबीचा वास बूनिनच्या नाकात रशिया सुटून अठरा वर्षांनीही होता.