विहार तलाव खुला करा म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार,

मुंबईला पिण्याचं पाणी देणारा विहार तलाव लोकांना बंदच राहावा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, तलाव करदात्यांचा आहे, काठाने चालू द्या, पाणी शुद्ध होऊनच नळाला येतं. हे मुद्दे समजले. पण मधेच तुमचं एक वाक्य आहे: ‘बाटलीबंद पाणी पिणाऱ्या सोबोवाल्यांनी आम्हाला प्रवचनं देऊ नयेत.’ सोबोवाले, म्हणजे दक्षिण मुंबईतले श्रीमंत. हे कोणत्या माहितीवर लिहिलंत?

मी भांडुपच्या चाळीत वाढले. माझे वडील पालिकेच्या जलखात्यात चावीवाले होते. छातीला लागेल एवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकून पहाटे निघायचे. रस्त्यातलं झाकण उचलायचं, आटे मोजत व्हॉल्व्ह फिरवायचा, मग त्या गल्लीत पाणी. दाब कमी पडला की टोकाच्या घरांच्या शिव्या त्यांनाच. आमच्याकडे आजही नळाचंच पाणी पितात. तेव्हा पाण्याची किंमत मला तुम्ही शिकवायला नको. मतभेद जरूर मांडा, पण समोरच्याचं घरदार माहीत नसताना त्याची लायकी काढायची, ही कुठली रीत?

तलावावर जायची परवानगी कुठे आणि कशी मिळते हे पालिकेने ठळकपणे जाहीर करावं, हे तुमचं म्हणणं मात्र रास्त आहे.

मलबार हिलच्या जलाशयावर लोक फिरतातच की, असंही तुम्ही म्हणता. अहो, तो जलाशय झाकलेला आहे आणि बाग त्याच्या वर आहे! विहारचं पाणी उघडं आहे. भोवतालच्या जंगलातून उतरणाऱ्या पावसावर तो भरतो, म्हणजे जंगलात जे टाकाल ते पाण्यात येणार. शुद्धीकरण आहे म्हणून मुळात घाण होऊ द्यायची का?

पवई तलावाकडे बघा. तोही एकोणिसाव्या शतकात पिण्याच्या पाण्यासाठीच बांधला होता. काठाला रस्ता, हॉटेलं, इमारती भिडल्या. सांडपाणी आलं, जलपर्णी माजली. आज ते पाणी पिण्यालायक नाही. तिथेही ‘फक्त सायकल ट्रॅक’च करायचा होता, आणि 2022 मध्ये उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला.

विहार दोन टक्केही पाणी साठवत नाही, हा तुमचा आकडा बरोबर आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सातही तलावांच्या 14,47,363 दशलक्ष लिटर साठ्यापैकी त्याचा वाटा 27,698. पण 1860 मध्ये मुंबईला नळाचं पाणी पहिल्यांदा त्यानेच दिलं. भातसा-वैतरणेचं पाणी दूरवरून जलवाहिन्यांनी आणावं लागतं. शहराच्या हद्दीत पिण्याचे तलाव उरलेत दोनच, विहार आणि तुळशी. त्यातल्या एकाचाही पवई होऊ द्यायला माझी तयारी नाही, मग तुम्ही मला काहीही म्हणा.