‘दर तिसरा पायलट फेक’वाल्या त्या मेसेजबद्दल

आमच्या पाथर्डी फाट्याच्या सोसायटी ग्रुपवर परवा तो मेसेज परत आला, गेली काही वर्षं फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. पाकिस्तानचा दर तिसरा पायलट फेक, कराचीचं विमान त्यामुळेच पडलं, जगाने त्यांना कायमचं बॅन केलं, आणि शेवटी तिरंगा लावून, आपल्याकडे असं होऊच शकत नाही. खाली धडाधड अंगठे. माझे बाबा ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे विमान कारखान्यात, इन्स्पेक्शनला होते आणि भाचा सध्या धुळ्याला सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलटचं लायसन्स, करतोय, त्यामुळे मला हे नुसतं वाचून सोडवेना.

दर तिसरा हा आकडा कुठून आला ते आधी. २४ जून २०२० ला तिथले विमानमंत्री गुलाम सरवर खान संसदेत उभे राहून म्हणाले की ८६० पैकी २६२ पायलटांची लायसन्स संशयास्पद आहेत, त्यांनी स्वतः पेपर दिलेच नाहीत, दुसऱ्याला बसवलं. शब्द होता संशयास्पद. नंतर एकेक फाईल तपासली तेव्हा ५० लायसन्स रद्द झाली, काही निलंबित झाली, आणि बाकी बहुतेकांची नावं यादीतून सुटली. ५० हा पण भयंकर आकडा आहे, मी कोणाची बाजू घेत नाहीये. पण तपासणी पूर्ण व्हायच्या आधी भर संसदेत आकडा फेकला आणि त्याचा फटका खरा अभ्यास करून पास झालेल्यांना बसला, व्हिएतनाम आणि मलेशियासारख्या देशांनी त्यांच्याकडे काम करणाऱ्या पाकिस्तानी पायलटांना सरसकट घरी बसवलं, त्यात कोण खरा कोण खोटा हे बघायला कोणाला वेळ होता? एका माणसाचं वर्षानुवर्षांचं करिअर आणि त्याच्या लायसन्सवर देशाचं नाव आहे म्हणून तो संशयित. याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि फेक म्हणजे रिक्षावाल्याला कॉकपिटमध्ये बसवलं असं नाहीये. मुख्य संशय लेखी पेपरांवर होता. विमानाचं टाइप रेटिंग (ठरावीक मॉडेलचं विमान उडवायची पात्रता), सिम्युलेटरवरचे चेक हे वेगळं असतं. म्हणून ते माफ आहे का, अजिबात नाही. हवामानाचा, नेव्हिगेशनचा पेपर उगाच ठेवलेला नाही, भाचा एकेका पेपरला ७० टक्के पडावे म्हणून रात्री दोन वाजेपर्यंत जागतो ते मी बघतेय.

आता कराची. २२ मे २०२० ला लाहोरहून आलेलं पीआयए या पाकिस्तानी विमान कंपनीचं ए३२० विमान, ९९ लोक होते, ९७ गेले, दोघं वाचले. कॅप्टनला १७ हजार तासांच्या आसपास अनुभव होता. प्राथमिक रिपोर्ट सांगतो की विमान उतरताना खूप उंच आणि खूप जोरात येत होतं, कंट्रोलने सावध केलं ते ऐकलं नाही, चाकं खाली घेतली होती ती परत वर घेतली आणि विमान इंजिनांवर घासत रनवेवर गेलं, मग परत उडवलं, तोवर दोन्ही इंजिनांचं नुकसान झालेलं होतं आणि ती बंद पडली. म्हणजे मुद्दा शिस्तीचा आणि कॉकपिटमधल्या एकाग्रतेचा. खोट्या परीक्षेचं प्रकरण त्याआधीचं आहे, नोव्हेंबर २०१८ मध्ये पाकिस्तानातल्याच पंजगूरला एक विमान रनवेवरून घसरलं, त्याच्या चौकशीत दिसलं की पायलटच्या परीक्षेची जी तारीख कागदावर आहे त्या दिवशी तर सुट्टी होती! तिथून धागा सापडला. मेसेजमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकत्र शिवल्यात.

कायमचं बॅन हे तर चूकच. युरोपच्या इयासा या विमानसुरक्षा संस्थेने १ जुलै २०२० पासून पीआयएची युरोपात उडायची परवानगी थांबवली, आणि कारण फक्त लायसन्स नव्हतं, कंपनीच्या सेफ्टी मॅनेजमेंटमधल्या आधीच दाखवलेल्या त्रुटी दुरुस्त झाल्या नव्हत्या हेही होतं. अमेरिकेने त्याच महिन्यात पाकिस्तानला कॅटेगरी २ मध्ये टाकलं, म्हणजे त्या देशाची विमानसुरक्षेची देखरेख निकषांत बसत नाही असा शेरा. नोव्हेंबर २०२४ मध्ये इयासाने बंदी उठवली आणि १० जानेवारी २०२५ ला त्यांचं विमान परत पॅरिसला गेलं. साडेचार वर्षं लागली.

शेवटच्या ओळीचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो. आपल्याकडे होऊच शकत नाही? जानेवारी २०११ मध्ये गोव्याला एक विमान पुढच्या चाकावर उतरवलं गेलं, चौकशीत कळलं की पायलटने एटीपीएलच्या (कॅप्टन व्हायला लागणाऱ्या लायसन्सच्या) पेपरसाठी बनावट मार्कशीट दिली होती. मग डीजीसीएला, म्हणजे आपल्या विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याला, चार हजारांवर लायसन्स तपासायला लागली, आणखी काही जण सापडले, अटका झाल्या, अटक झालेल्यांत डीजीसीएचा एक अधिकारीही होता. आणि जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेने आपल्याला पण त्याच कॅटेगरी २ मध्ये टाकलं होतं, कारण तपासणी करणारे पुरेसे प्रशिक्षित लोकच आपल्याकडे नव्हते. एप्रिल २०१५ पर्यंत आपल्या कंपन्यांना अमेरिकेला नवीन फ्लाइट वाढवता येत नव्हत्या. ही आपलीच गोष्ट आहे, आणि ग्रुपवर कोणालाच आठवत नाही.

बाबांकडे त्यांच्या नंबरचा शिक्का असायचा. पार्ट तपासला की कागदावर तो उमटायचा आणि मग तो पार्ट त्यांच्या नावावर, शिक्का हरवला तर त्याच दिवशी रिपोर्ट करायला लागायचं, ते घरी सुद्धा तो कोणाला हातात घेऊ द्यायचे नाहीत. पाकिस्तानात मोडला तो हा शिक्का, पैसे देणारे पायलट होतेच पण परीक्षेच्या कॉम्प्युटरशेजारी बसून गोष्टी जुळवणारे आतले लोकही होते, आणि आपल्याकडे २०११ मध्ये पण तसंच निघालं.

म्हणून मेसेज टाकणाऱ्या काकांना मी ग्रुपवर लिहिलं की काका, आकडा दुरुस्त करा आणि शेवटची ओळ काढून टाका. त्यांनी अजून काही उत्तर दिलेलं नाही. भाच्याचा नेव्हिगेशनचा पेपर पुढच्या महिन्यात आहे, त्याला मात्र मी पंजगूरच्या त्या सुट्टीच्या तारखेची गोष्ट सांगितलीये.