खुर्ची घेताना आधी बैठकीची खोली बघा
खुर्ची निवडण्याबद्दलच्या लेखात कमरेच्या आधारावर भर दिलाय तो योग्यच, पण बैठकीच्या खोलीबद्दल, म्हणजे बसायचा भाग पाठीपासून पुढच्या कडेपर्यंत किती लांब आहे याबद्दल, एक ओळही नाही. माझ्यासारख्या पाच फुटी बाईचं घोडं तिथेच अडतं. पाठ टेकल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जागा उरायला हवी. नाहीतर आपण पुढे सरकतो आणि तो महागडा आधार मागे नुसता शोभेला! टेबलं बहुतेक ७५ सेंमीच्या आसपास उंच. त्या मापाने खुर्ची वर घेतली की पाय लोंबकळतात, म्हणून खाली पाट ठेवा (माझा जेवणाचा जुना पाट हल्ली तिथेच असतो). माकडहाड दुखत असेल तर मागे खाच असलेली उशी घ्या. आणि दुकानदार कंटाळला तरी अर्धा तास बसून बघा, दोन मिनिटांत सगळ्याच खुर्च्या छान वाटतात.